ज्ञानमच्या घरचं मीठ

तंजावूरहून पापनाशमकडे जाताना कालव्याच्या पुलापाशी एक लहानसं मेथडिस्ट चर्च लागतं. कौलारू छप्पर, पिवळ्या चुन्याच्या भिंती, अंगणात करंजाचं झाड आणि झाडाभोवती सिमेंटचा पार. दर रविवारी सकाळी या पारावर तुळजाराम बसलेले असत. बायको, ज्ञानम, आत प्रार्थनेला जाई आणि ते बाहेर पेपर वाचत. आधी सायकल होती, मग मोपेड आली, मग गुडघे कुरकुरायला लागल्यावर मोपेडवर उशी आली. पाराची जागा मात्र तीच राहिली. चर्चमधल्या मुलांनी त्यांचं नाव वासल मामा ठेवलं होतं. वासल म्हणजे दारापुढचं अंगण. ती मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी मामा अंगणातच होते.

तुळजाराम शिंपी. दक्षिण वीथीवर त्यांचं दुकान होतं. घराणं मराठी, तंजावूरच्या राजांबरोबर आलेल्यांपैकी; देव्हाऱ्यात तुळजाभवानी, घरात तमिळ वळणाची जुनी मराठी. ज्ञानम सरकारी इस्पितळात नर्स होती. पांढऱ्या गणवेशाचं माप द्यायला म्हणून दुकानात आली, ती बाहीची शिवण दोनदा उसवून घेऊन गेली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा बाहीत काहीच दोष नव्हता. पुढे अनेक वर्षं तुळजाराम हे हसत सांगत आणि ज्ञानम म्हणे, "दोष होता. तुम्हाला दिसला नाही."

लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं. तुळजारामांनी धर्म बदलला नाही, ज्ञानमनेही नाही. घरात ती सासूला नवरात्रात फुलं आणून देई, सासू नाताळात तिला केकसाठी तूप काढून देई. शेषम्मा, म्हणजे तुळजारामांची आई, बोलायला तिखट होती, पण सुनेची मोडकीतोडकी मराठी तिला आवडे. शेजारणींना ती सांगे, "आमची सून चुकीचं बोलते, पण खोटं बोलत नाही."

चर्चमधल्या लोकांशी तुळजारामांचं चांगलं होतं. गायकवृंदाचे पांढरे झगे तेच शिवत. मापं पारावरच घेत. मुलं रांगेत हात पसरून उभी राहत आणि मामा तोंडात टेप धरून त्यांना गप्प बसायला खुणावत. प्रवचन लांबलं की रडणारी तान्ही बाळं त्यांच्या मांडीवर आणून दिली जात. कुणीतरी कॉफीचा पेला आणून देई. पण इतक्या वर्षांत एकानेही त्यांना "उळ्ळे वांगो", आत या, असं म्हटलं नव्हतं.

सुरुवातीला त्यांना हे बरंच वाटलं. लग्नाच्या वेळी अख्खी गल्ली म्हणत होती की आता तुळज्याला बाटवणार. त्यांना कुणी बोलावलंच नाही, म्हणजे गल्ली खोटी पडली. पण वर्षं गेली तशी ती गोष्ट त्यांना खुपायला लागली. मुलगी साईप्रिया लहान असताना नाताळच्या नाटकात देवदूत झाली. तिचे पंख तुळजारामांनी स्वतः, जरीची किनार लावून शिवले होते. ते नाटक त्यांनी खिडकीच्या गजांतून पाहिलं. आत बाकं रिकामी होती. देवसहायम, चर्चचे कारभारी, दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाट दाखवत होते. त्यांची नि तुळजारामांची नजरानजर झाली. देवसहायमनी मान खाली घातली आणि ते आत गेले.

न बोलावता कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, ही शेषम्माची शिकवण तुळजारामांच्या हाडात भिनलेली होती. लग्नाच्या पंगतीला सुद्धा, अक्षता मिळाल्या तरी, दारात कुणी "या" म्हणेपर्यंत ते थांबत. आई गेल्यावर एकदा त्यांना वाटलं होतं की आता कुणी सहज जरी म्हटलं तरी आपण जाऊ, मागच्या बाकावर बसू. कुणी म्हटलं नाही. मग त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: ही माणसं भली आहेत, पण मी त्यांचा नाही. शिवणकामापुरता, बाळं सांभाळण्यापुरता आहे. ज्ञानमला त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या माणसांबद्दल तिच्यापाशी गाऱ्हाणं कशाला करायचं?

गेल्या आषाढात, कावेरीचं पाणी कालव्यात नुकतंच सोडलेलं असताना, ज्ञानम गेली. काविळीचं निमित्त झालं. दिवसभर ती नर्सिंगमधल्या जुन्या मैत्रिणींना आपल्या औषधांतल्या चुका दाखवत होती, आणि संध्याकाळी शांत झाली.

शवपेटी चर्चमध्ये नेली तेव्हा सगळे तिच्यामागोमाग आत गेले. साईप्रिया कोइम्बतूरहून आली होती; ती रडत मावशीच्या, तंगमच्या, खांद्यावर हात टाकून गेली. तुळजाराम पायरीशी थांबले. सवयीने थांबले, आणि मग पाय उचलेना. आज तरी कुणी म्हणेल, असं त्यांना वाटलं. आतून गाणं सुरू झालं. तेवढ्यात देवसहायम बाहेर आले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि संपूर्ण प्रार्थना होईपर्यंत तिथेच उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तुळजारामांना वाटलं, मी आत जाऊ नये म्हणून हा पहारा आहे. त्यांच्या मनात त्या दिवशी जे काही मिटलं, ते मिटलंच. पण रविवारी पारावर जायचं त्यांनी सोडलं नाही. ज्ञानमची कबर कालव्यापलीकडे होती. फुलं ठेवून परतताना ते पारावर टेकत, एवढंच.

माघात, सांबा हंगामाचा भात कापून झाला की, चर्चमध्ये कापणीचा सण होतो. लोक नव्या भाताच्या लोंब्या, केळीचे घड, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात. प्रार्थना झाल्यावर अंगणात मांडव घालून सगळ्यांची पंगत बसते. तिला तिथे असनम म्हणतात. भात, सांबार, भोपळ्याचं कूटू, पायसम. आणि या पंगतीची एक रीत आहे, जी दुसऱ्या चर्चमध्ये नाही. केळीच्या पानावर सगळ्यांत आधी मीठ पडतं, आणि ते मीठ वाढायचं त्या घराने, ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलं. मीठ आत वेदीपाशी ठेवलेलं असतं. त्या घरचं माणूस आत जाऊन ते उचलतं, बाहेर आणतं आणि चिमटीने एकेका पानावर ठेवतं. ज्याच्या पानावर मीठ पडलं तो गेलेल्या माणसाचं नाव घेतो. बाकी काही बोलायचं नाही. सांत्वनाचे शब्द सगळ्यांना सुचत नाहीत, नाव मात्र सगळ्यांना घेता येतं. म्हणून कुणा जुन्या पाद्रींनी ही रीत घातली असं सांगतात.

सणाच्या आदल्या रविवारी पाद्री सुंदर यांनी कामं वाटून दिली. वर्षापूर्वीच बदलून आलेले, तरुण, घाईने बोलणारे. खिडकीतून त्यांचा आवाज पारापर्यंत येत होता. पानं कोण आणणार, लाकूडफाटा कोण आणणार, हे झालं. मग ते म्हणाले, "मीठ, ज्ञानम अम्मांची धाकटी बहीण तंगम."

तुळजारामांनी पेपरची घडी घातली. प्रार्थना संपायच्या आधीच ते मोपेड घेऊन निघून गेले.

दुकान आता भाचा चालवत होता, पण तुळजाराम अजून जाऊन बसत. त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काजं उलट्या बाजूला पाडली. भाच्याने तो सदरा बाजूला ठेवला. साईप्रियाचा फोन आला तेव्हा त्यांच्या तोंडून गोष्ट निघाली. ती म्हणाली, "अप्पा, मग विचारा ना त्यांना."

"काय विचारू? माझी बायको माझी होती का, असं?"

ती म्हणाली की, मावशीने मीठ वाढलं तर आईचं काही कमी होणार नाही. ते खरं होतं. तंगमचं प्रेम खोटं नव्हतं. पण तंगमचं घर वेगळं, ती बुदलूरला राहणारी. माणूस गेलं ते तुळजारामांच्या घरातलं. सकाळी दोन पेले काढून एक परत ठेवणारा हात तुळजारामांचा होता. आणि ज्ञानमचं नाव साऱ्या लोकांच्या तोंडून, एकामागून एक, ऐकायला मिळणार होतं ते त्याच एका पंगतीत. पुढच्या वर्षी दुसरं नाव येणार. ही पंगत चुकली की चुकली.

शनिवारी दुपारी अंगणात भाजी चिरायला सगळे जमतात. बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या, पुरुष चुलीसाठी विटा मांडत होते. तुळजाराम मोपेडवरून उतरले तसं एका म्हातारीने भोपळा उचलून त्यांना दाखवला. "मामा, तुमच्या कात्रीने हा कापता येईल का?" सगळे हसले. तेही हसले, पण पाराकडे न जाता सरळ देवसहायमकडे गेले. देवसहायम मांडवाच्या दोऱ्या ताणत होते. सत्तरी उलटलेले, हडकुळे, जन्मभर टपाल वाटलेले गृहस्थ.

तुळजाराम म्हणाले, "मला एक मागायचं आहे. इतक्या वर्षांत मी इथे काही मागितलं नाही."

देवसहायमनी दोरी सोडली.

"मीठ मला वाढू द्या. मी तुमच्यातला नाही, माहीत आहे. तुम्ही मला कधी आत या म्हणाला नाहीत, ती गेली त्या दिवशी सुद्धा नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माणूस माझ्या घरातलं गेलं."

देवसहायमनी तुळजारामांचा हात धरला आणि त्यांना पारावर नेऊन बसवलं. स्वतः उभेच राहिले.

"तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

मग देवसहायमनी जे सांगितलं ते असं. लग्न ठरलं त्या आठवड्यात शेषम्मा एकटी रिक्षाने इथे आली होती. फाटकातून आत आली नाही. त्या वेळचे पाद्री, ज्ञानम आणि गायकवृंदातला तरुण देवसहायम, असे तिघे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. शेषम्मा म्हणाली, मुलाला अडवणं माझ्या हातात नाही. तुमची मुलगी चांगली आहे हेही मला दिसतं. पण त्याचा देव बदलू नका. तो भिडस्त आहे, कुणी बोलावलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. त्याला आत बोलावू नका. आणि ज्ञानमने शब्द दिला होता, की या चर्चमधलं कुणीही त्यांना कधी आत या म्हणणार नाही. ते आपल्या पायांनी आले तर कुणी अडवणार नाही, पण बोलावणार कुणी नाही.

"आमच्याकडे जानेवारीच्या पहिल्या रविवारी करार नवा करतात," देवसहायम म्हणाले. "देवाला दिलेला शब्द सगळे मिळून पुन्हा देतात. ती प्रार्थना संपली की ज्ञानम दर वर्षी माझ्याकडे यायची. म्हणायची, अण्णा, माझ्या सासूला दिलेला शब्द पण लक्षात आहे ना? आम्ही तो पाळला. नवा पाद्री आला की त्याला पहिल्यांदा हेच सांगायचं, की झाडाखालच्या मामांना बोलवायचं नाही. ते बिचारे चक्रावून जायचे. सगळ्या जगाला बोलवायला आलेली माणसं ती."

तुळजाराम जमिनीकडे बघत होते.

"आई गेल्यावर सुद्धा?"

"मी विचारलं होतं ज्ञानमला. ती म्हणाली, ज्यांना शब्द दिला त्या गेल्या म्हणून शब्द संपतो का? आता सोडवणार कोण?"

"आणि त्या दिवशी तुम्ही बाहेर येऊन उभे राहिलात."

"तुम्हाला आत घेता येत नव्हतं," देवसहायम म्हणाले. "मग मीच बाहेर आलो."

भाजी चिरणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या तुळजारामांना. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला. त्यांना आईचा राग आला, ज्ञानमचाही आला. दोघींनी मिळून त्यांना जन्मभर अंगणात बसवलं होतं, आणि दोघींचाही हेतू त्यांना राखण्याचा होता. भांडायचं कुणाशी? आणि या लोकांचं पेला पेला कॉफी आणून देणं, बाळं मांडीवर ठेवणं, मापं देताना उगाच रेंगाळणं, हे सगळं त्यांना आता एकदम उलट्या बाजूने दिसायला लागलं. जे म्हणता येत नव्हतं ते ही माणसं कॉफीतून म्हणत होती.

शेवटी ते म्हणाले, "मीठ आतून आणावं लागतं ना?"

"हो. म्हणूनच तर तंगमला सांगितलं. तुम्हाला सांगायचं म्हणजे आत बोलावणं झालं असतं."

"मला कुणी बोलावू नका. मी माझ्या पायांनी येतो. तुमचा शब्द मोडत नाही."

देवसहायमनी मान हलवली आणि मांडवाची सुटलेली दोरी पुन्हा धरली. तंगम तिकडे खोबरं किसत होती. तुळजाराम तिच्याकडे गेले, पण त्यांना बोलावं लागलं नाही. ती म्हणाली, "भावोजी, मला भीती वाटत होती की तुम्ही मागणारच नाही."

रविवारी प्रार्थना संपत आली तेव्हा तुळजारामांनी पायरीखाली चपला काढल्या. धोतर त्यांनी स्वतः इस्त्री केलं होतं. कपाळावर रोजचं गंध होतं. ते पुसावं का, असा विचार सकाळी आरशापुढे आला होता, पण ज्ञानमने ते कधी पुसायला सांगितलं नव्हतं. ते पायऱ्या चढले आणि आत गेले.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळी डोकी सरळ पुढे होती, लहान मुलांची सुद्धा. नजरेने सुद्धा बोलावलं असं होऊ नये, म्हणून ती माणसं मानेचे स्नायू ताठ करून बसली होती. पाद्री सुंदर हातातल्या पुस्तकाकडे इतकं लक्ष लावून बघत होते की त्यांनी पानच उलटलं नाही. तुळजाराम दोन्ही बाजूंच्या बाकांमधून चालत गेले. फरशी गार होती. वेदीपाशी नव्या लोंब्यांच्या पेंढ्या होत्या, केळीचे घड होते आणि एका पितळी वाटीत मीठ होतं. त्यांनी वाटी उचलली, कपाळाला लावली आणि वळले. वळल्यावर मात्र सगळे चेहरे त्यांच्यासमोर होते. एकही चेहरा त्यांना अनोळखी नव्हता. यातल्या निम्म्या माणसांच्या खांद्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती.

मांडवात पंगत बसली. पहिलं पान भोपळा दाखवणाऱ्या म्हातारीचं होतं. तुळजाराम वाकले, डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं. म्हातारी म्हणाली, "ज्ञानम." पुढच्या पानावर कुणी म्हणालं, "ज्ञानम अक्का." एका माणसाची तीनही बाळंतपणं इस्पितळात ज्ञानमच्या हातून झाली होती, म्हणजे त्याच्या बायकोची, तो म्हणाला, "ज्ञानम सिस्टर," आणि बायकोनेही तेच म्हटलं. एक अगदी लहान मुलगी मीठ बघून गोंधळली. तिच्या आईने कानात सांगितलं, पण मुलीने ज्ञानमला स्वतःचं वेगळंच नाव ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "इंजेक्शन आज्जी." रांगेत हसू पसरलं, आणि तुळजाराम वाकलेले असताना त्यांच्याही खांद्यांना हसू आलं. तंगमने डोळे मिटून नाव घेतलं. साईप्रिया सकाळच्या गाडीने येऊन पोहोचली होती. ती "अम्मा" म्हणाली आणि मग दुरुस्ती केल्यासारखं नाव म्हणाली. पाद्री सुंदर यांनी बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घेतलं: "ज्ञानसुंदरी." हे नाव तुळजारामांनी रजिस्ट्रारच्या कचेरीनंतर ऐकलंच नव्हतं. त्यांच्या चिमटीतलं मीठ थोडं सांडलं.

कंबर दुखू लागली तसं पंगतीला आलेल्या भाच्याने वाटी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्ञानमचं नाव वेगवेगळ्या आवाजांत येत राहिलं, आणि त्यातल्या कितीतरी ज्ञानम त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं की ती त्यांच्या घरातली होती. ती किती घरांतली होती, ते आज कळत होतं.

वाढणारा शेवटी बसतो. त्यांच्या पानावर मीठ देवसहायमनी ठेवलं. तुळजारामांनी नाव घेतलं आणि भातात हात घातला.

भांडी घासून, मांडव सोडायला घेतल्यावर देवसहायम त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. जरा घुटमळून म्हणाले, "दोघी गेल्या. आता तो शब्द कुणाकडे आला?"

"माझ्याकडे," तुळजाराम म्हणाले. "मी सोडला."

"मग आम्ही बोलवू?"

तुळजारामांनी विचार केला. चाळीस वर्षांची बसायची जागा एका दिवसात बदलत नाही, आणि देवही त्यांना बदलायचा नव्हता. "बोलवत जा," ते म्हणाले. "यायचं की नाही ते मी बघेन."

पुढच्या रविवारी ते नेहमीप्रमाणे पारावर पेपर उघडून बसले. आधी ती भोपळ्यावाली म्हातारी फाटकातून आली, त्यांच्यापुढे थांबली आणि म्हणाली, "उळ्ळे वांगो." तिच्यामागची बाई म्हणाली. मग तिचा नवरा, मग झगे घातलेली मुलं, एकेक करून सगळी. पाद्री सुंदर तर दोनदा येऊन म्हणून गेले. तुळजारामांनी प्रत्येकाला मान लववली, प्रत्येकाला "बरं" म्हटलं, आणि पेपर मांडीवरच राहू दिला. त्यातलं एक अक्षर त्यांनी त्या दिवशी वाचलं नाही.